औषधाचा त्रास झाला तर कळवायचं कुणाला?

रानजाई

आमच्या अण्णांच्या खालच्या ओठावर डाव्या बाजूला एक चट्टा आहे. जांभळट काळा, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान. हा धागा त्या चट्ट्यामुळे काढतेय. लांबलं तरी कृपया शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचं पोट बिघडलं. गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, जुलाब थांबले. त्याच दिवशी ओठ चरचरायला लागला आणि दुसऱ्या दिवशी तिथे लालभडक गोल उठला. आई म्हणाली, गोळ्या गरम पडल्या. गुलकंद, सब्जा, ताक सगळं झालं. आठवड्याभरात आग थांबली, डाग मात्र राहिला. सात-आठ महिन्यांनी पुन्हा पोट बिघडलं. या वेळी शेजारच्या गावातल्या डॉक्टरांनी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिल्या. पुन्हा ओठ चरचरला, बरोब्बर त्याच जागी, आणि उजव्या हाताच्या पंजामागेही एक गोल आला. तरी आमच्या कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिसरी वेळ या जूनमधली. पहिली गोळी घेऊन दोन तास झाले नसतील, ओठ, हात आणि पाठीवर दोन ठिकाणी आग व्हायला लागली. रात्री पाठीवरच्या चट्ट्यांना फोड आले. सकाळी मी त्यांना सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोगाच्या ओपीडीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी चट्टे बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, याआधी ह्याच जागेवर झालं होतं का? तेव्हा काय गोळी घेतली होती?"

अण्णा म्हणाले, "पोटाची. पांढरी."

त्यांना एवढंच माहीत होतं. नशिबाने या वेळचं उरलेलं पाकीट मी पर्समध्ये टाकून नेलं होतं. ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल अशी एकत्र गोळी निघाली. मॅडम म्हणाल्या की काही माणसांना ठराविक औषधाने ठराविक जागीच चट्टा उठतो, प्रत्येक वेळी त्याच जागी, आणि दर खेपेला एखादी नवी जागा वाढते. फार वाढलं तर अंगभर कातडी सोलवटते आणि जिवावर बेततं. अण्णांना हे औषध पुन्हा द्यायचं नाही, असं त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहून दिलं.

मग त्यांनी एक फॉर्म काढून भरायला घेतला. कसला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, औषधाचा दुष्परिणाम सरकारला कळवायचा फॉर्म. पेशंटनाही थेट कळवता येतं, १८००-१८०-३०२४ हा नंबर टिपून घ्या.

मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, शाळेत शिकवते, घरात दोन म्हाताऱ्या माणसांची औषधं सांभाळते. असं काही असतं हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमची शेजारीण गुडघेदुखीची गोळी घेतली की मानेवर असाच काळा गोल येतो असं सांगते, ती कित्येक वर्षं "उष्णता" म्हणून सोडून देतेय. तिच्या वतीने मी कळवू शकते का? इथे कुणी असं कळवलंय का? पुढे काय होतं? जाणकारांनी कृपया लिहा.

नीरा_काठ

रानजाई, अण्णांची तब्येत आता कशी आहे? तुमची पोस्ट वाचून घरातला औषधांचा डबा काढून बसले. त्यात अकरा सुट्या गोळ्या निघाल्या. कशाच्या आहेत, कधीच्या आहेत, काही सांगता येत नाही. पाकिटाचा कापलेला कोपरा फक्त उरलाय आणि त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं.

औषधशाळा

मी एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्रात एमडी करतोय. दुष्परिणामांचे असे फॉर्म घेणारं केंद्र आमच्याच विभागात आहे, त्यामुळे हा फॉर्म रोज हाताखालून जातो. जमेल तसं सांगतो.

या कार्यक्रमाला सरकारी भाषेत फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. आपण औषध-दक्षता म्हणू. देशपातळीवरचा सध्याचा कार्यक्रम जुलै २०१० मध्ये दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि एप्रिल २०११ मध्ये त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेलं. मुंबईचं केईएम मात्र या कामात त्याच्याही आधीपासून आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी भारत जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात सामील झाला, तेव्हा देशात जी मोजकी केंद्रं होती त्यांत केईएम होतं.

आज देशभरातल्या मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या इस्पितळांत अशी केंद्रं आहेत. बहुतेक ठिकाणी ती औषधशास्त्र विभागात असतात. पेशंट तिकडे कधी फिरकत नाहीत, म्हणून ती कुणाला माहीत नसतात. तिथे आलेला फॉर्म आम्ही तपासतो. औषध आणि त्रास यांचा संबंध किती पक्का वाटतो ते ठरवतो: निश्चित, बहुधा, शक्य, शक्यता कमी, अशा पायऱ्या आहेत. मग ती नोंद गाझियाबादला जाते आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्रात. दीडशेहून अधिक देशांच्या नोंदी तिथे एकत्र होतात.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होय, शेजारणीच्या वतीने कळवता येतं. ग्राहकांसाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं पुरतात. वय, काय त्रास झाला, कधी सुरू झाला, कुठल्या औषधावर संशय आहे आणि कळवणारं कोण, एवढं असलं की नोंद होते. औषध कुणाच्या सांगण्यावरून घेतलं हेही त्यात विचारलंय, आणि उत्तरांत डॉक्टर, फार्मसिस्ट यांच्याबरोबर मित्र-नातेवाईक आणि स्वतःच्या मनाने असेही पर्याय आहेत. मनाने गोळी घेतली म्हणून कुणी रागावत नाही. तेव्हा खरं तेच लिहा.

संशय पुरेसा आहे, सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "आपली खात्री नाही" म्हणून लोक थांबतात. खात्री करायलाच तर आम्ही बसलोय.

सह्यवारा

माहितीबद्दल आभार. पण मनापासून विचारतो. गावाकडच्या एका म्हाताऱ्याच्या ओठावर डाग आला, याची नोंद उप्सालाला पोचून काय होणार? औषध बाजारात येण्याआधी चाचण्या होतातच ना? हजारो लोकांवर तपासलेल्या गोष्टीत आपल्या एका फॉर्मने काय भर पडणार?

औषधशाळा

सह्यवारा, हा प्रश्न आम्हाला वर्गातही विचारतात. तो खरंच महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा एखादा गंभीर त्रास दहा हजारांत एकाला होतो. तो चाचणीत निदान एकदा तरी दिसेल अशी बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर साधारण तीस हजार माणसांना औषध द्यावं लागेल. बाजारात येण्याआधी बहुतेक औषधं काही शे ते काही हजार माणसांवर तपासलेली असतात. तीही निवडक माणसं. गरोदर बाई त्यात सहसा नसते, पंचाहत्तरीचे आजोबा फारसे नसतात, मूत्रपिंड अधू असलेले, एका वेळी सात गोळ्या घेणारे नसतात. आपल्या घरांत औषध घेणारी माणसं मात्र नेमकी तीच. त्यामुळे औषधाची मोठी परीक्षा बाजारात आल्यावरच सुरू होते आणि तिचा निकाल अशा फॉर्मांतूनच लागतो.

थॅलिडोमाइडची गोष्ट ऐकली असेल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे औषध शांत झोपेसाठी आलं आणि फार सुरक्षित म्हणून खपलं. गरोदर बायकांना उलट्या-मळमळीसाठीही दिलं गेलं. मग हात-पाय खुरटलेली बाळं जन्माला यायला लागली. डिसेंबर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचं काही ओळींचं पत्र लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हे औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांत अशी व्यंगं जास्त दिसताहेत, दुसऱ्या कुणाला असं दिसलंय का, एवढाच त्याचा आशय. जर्मनीत विडुकिंड लेन्झ यांनी त्याच सुमारास हाच इशारा दिला होता. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना ते भोवलं होतं. चार वर्षं किती आयांनी, सुइणींनी, डॉक्टरांनी मनात शंका घेतली असेल आणि सांगायला जागाच नसेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोंदी एकत्र करायला सुरुवात केली ती या घटनेतून.

तेच औषध आज कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक प्रतिक्रियेवर आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, गर्भधारणेबाबत कडक नियम पाळून. धोका नेमका कुणाला आणि कधी हे कळलं की औषध असं सांभाळून वापरता येतं.

आता अगदी आपल्याकडचं. पाळीच्या दुखण्यावर घराघरांत घेतात ते मेफेनॅमिक ॲसिड. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादहून त्याबद्दल सुरक्षा-सूचना निघाली. या औषधाने क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, यकृतासारख्या अवयवांना इजा. औषध घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी हे सुरू होऊ शकतं. मध्ये एवढे दिवस गेले की गोळीशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. ही सूचना परदेशातून उचललेली नव्हती. भारतात जमा झालेल्या नोंदी तपासून ती काढली गेली. कुठल्या तरी ओपीडीत कुणीतरी वेळ काढून फॉर्म भरले होते म्हणून.

पारिजात७२

ही मेफेनॅमिकची सूचना मुलीच्या कॉलेजच्या ग्रुपवर आली होती तेव्हा मी अफवा समजून पुसून टाकली होती. आता तिला पुन्हा सांगते. तिने ती गोळी एकदम बंदच करावी का?

औषधशाळा

नाही, ताई. सूचनेत गोळी बंद करा असं म्हटलेलं नाही, लक्ष ठेवा असं म्हटलंय. अजूनही ते उपयोगी औषध आहे. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि पुरळ एकत्र आले तर डॉक्टरांना "मी ही गोळी घेतली होती" एवढं सांगायचं आणि कळवायचं.

दवाखाना_आणि_मी

मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. रानजाईताईंनी पुडीतल्या सुट्या गोळ्यांचा उल्लेख केलाय. तो मला लागला, आणि लागायलाच हवा होता. मीही वर्षानुवर्षं तशाच पुड्या दिल्या. ओपीडीत साठ-सत्तर माणसं बसलेली असतात, कंपाउंडर बरणीतून गोळ्या मोजून बांधतो, कागदावर सूर्य आणि चंद्र काढतो. माणूस बरा होतो. पण उद्या तोच माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्याने काय घेतलं होतं हे जगात कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टर का कळवत नाहीत, हेही खरं सांगतो. पहिलं कारण वेळ. दुसरं, जे आम्ही सहसा बोलत नाही, ते म्हणजे भीती. मी लिहून दिलेल्या गोळीने त्रास झाला असं मीच सरकारला लिहून द्यायचं म्हणजे चुकीची कबुली, असं वाटतं. ते तसं नाही. फॉर्मवरच छापलेलं असतं की कळवणं म्हणजे डॉक्टरने, कंपनीने किंवा औषधाने ते घडवलं अशी कबुली होत नाही. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली ती प्रॅक्टिसच्या सतराव्या वर्षी.

माझा पहिला फॉर्म एका बाईंचा होता. रक्तदाबासाठी मीच त्यांना एनॅलाप्रिल सुरू केलं होतं. दोन महिन्यांनी कोरडा खोकला घेऊन आल्या. मी खोकल्याचं औषध दिलं. मग ॲलर्जीची गोळी. मग छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी. रात्री झोप नाही, खोकताना लघवी व्हायची म्हणून त्या लग्नाकार्याला जायच्या बंद झाल्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलंच नाही, त्यांच्या सुनेने सांगितलं. या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. समोर बसलेल्या बाईंच्या बाबतीत ते मला पाच महिने आठवलं नाही. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. त्या रात्री मी फॉर्म भरला.

माहीत असलेला त्रास कशाला कळवायचा, असं कुणी विचारेल. तो किती जणांना होतो, किती दिवस लक्षात येत नाही, हे कळवल्याशिवाय कसं समजणार?

मेडिकल_स्टोअर_सातारा_रोड

फार्मसिस्ट आहे. सुट्या गोळ्यांचा विषय निघालाय म्हणून बोलतो. गिऱ्हाईक दोनच गोळ्या मागतं, पाकीट कापून द्यावं लागतं. कापताना ज्या टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूने कापत यायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत आमच्याकडे बॅच राहते. पण गिऱ्हाइकाच्या हातात बिननावाचा तुकडा जातो. मी आता कापलेला तुकडा छोट्या पाकिटात घालून वर नाव, बॅच आणि मुदत पेनाने लिहितो. अर्धा मिनिट जातो. बिल मागा, बिलावर बॅच असते. लोक बिल घेतच नाहीत, घेतलं तरी पायरीवर टाकून जातात.

आणि ताई, ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही. काउंटरवर ते सर्रास जातं, हे आमच्या धंद्याचं पाप आहे. चिठ्ठी नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो, म्हणून देतात. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही. मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस आणि थोडा धीर पुरतो. अण्णांना पहिल्याच वेळी कुणी ओआरएस हातात ठेवून परत पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

काउंटरवर मी औषध-दक्षतेचा क्यूआर कोड चिकटवलाय. सुरुवातीला लोक पैसे द्यायचा समजून स्कॅन करायचे. आता मी विचारतो, मागच्या गोळीने काही त्रास झाला होता का. पाच-सहा जणांचं आतापर्यंत भरून दिलंय.

लीड्सकर

मूळची चिपळूणची, इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे याला यलो कार्ड म्हणतात. थॅलिडोमाइडनंतर १९६४ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला फक्त डॉक्टरांसाठी होतं, २००५ पासून पेशंट स्वतः कळवू शकतात. इथल्या प्रत्येक औषधाच्या खोक्यात जी घडीची चिठ्ठी असते तिच्यावर दुष्परिणाम कुठे कळवायचा हे लिहिलेलं असतंच. नवीन औषध असेल तर चिठ्ठीवर उलटा काळा त्रिकोण असतो. त्याचा अर्थ, यावर जास्त लक्ष आहे, काहीही वाटलं तरी कळवा.

पेशंटनी स्वतः कळवलेलं वाचताना मला एक फरक जाणवतो. डॉक्टर लिहितात "चक्कर". पेशंट लिहितो, "जिना उतरताना कठडा धरावा लागतो, नातवाला उचलून घ्यायची भीती वाटते." औषधाचा नेमका काय त्रास होतो ते दुसऱ्या वाक्यातून कळतं.

सगळं आलबेल आहे असं नाही. दुष्परिणाम न कळवणं हा जगभरचा आजार आहे. २००६ मध्ये १२ देशांतले ३७ अभ्यास एकत्र पाहिले गेले होते. त्यात न कळवण्याचं मध्यक प्रमाण ९४ टक्के निघालं.

सह्यवारा

९४ टक्के न कळवलेले? म्हणजे शंभरातल्या सहांवर जग चाललंय. माझा वरचा प्रश्न मी मागे घेतो.

टीबी_मुक्त_गाव

मी क्षयरोग कार्यक्रमात पर्यवेक्षक आहे. मोटारसायकलवर गावोगाव फिरतो. "कळवा" याच्याइतकंच "परस्पर बंद करू नका" हेही मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. यात घाबरण्यासारखं काही नाही, तसं व्हायचंच. पण आधी सांगितलं नसेल तर माणूस रक्त पडतंय समजतो आणि गोळ्या ओढ्यात टाकतो. मी स्वतः टाकलेल्या पाहिल्या आहेत. उलट, खरोखर धोक्याचं असतं ते लोक सहन करतात: जेवण नको वाटणं, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणं. ते यकृताचं लक्षण. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुठली गोळी थांबवायची आणि कुठली पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील. टीबीच्याच औषधांतलं इथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग ओळखू येईना किंवा धूसर दिसायला लागलं तर तेही ताबडतोब सांगायचं.

एका पेशंटने मला महिनाभर सांगितलं नाही की त्याचे पाय बधिर होताहेत. का, तर "तुम्ही एवढे लांबून येता, तुम्हाला वाईट वाटेल." आता मी दर भेटीला आधी तब्येत विचारत नाही. आधी विचारतो, गोळीने काय काय त्रास दिला ते सांग. प्रश्न असा घातला की माणसं बोलतात.

नीरा_काठ

आयुर्वेदिक काढा किंवा चूर्ण यांचं काय? आणि लशीचं?

औषधशाळा

आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांच्या औषधांसाठी आयुष मंत्रालयाची स्वतंत्र औषध-दक्षता यंत्रणा आहे, तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. काढा आणि ॲलोपॅथीची गोळी एकत्र चालू असतील तर फॉर्मवर दोन्ही लिहा. लोक काढा सांगायचा विसरतात, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. लस दिल्यानंतरचा त्रास जिथे लस घेतली त्या केंद्रात किंवा आशाताईंना लगेच सांगायचा. त्याची चौकशी जिल्ह्यावरून होते.

आणखी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. औषध बरोबर आहे पण अंगाला सोसलं नाही, हा एक प्रकार. औषधच खराब किंवा भेसळीचं आहे, हा दुसरा. मुंबईत १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. लेंटिन चौकशी आयोग त्यावरच नेमला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने गेली तेव्हाही तेच विष निघालं. त्यांतली काही मुलं उपचारासाठी नागपुरात आणली होती. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. दोन्ही वेळी लक्षण एकच: मूत्रपिंडं अचानक बंद पडणं.

वास, रंग वेगळा वाटला, बाटलीत गाळ दिसला, एकाच बॅचने दोघांना त्रास झाला, तर बाटली फेकू नका. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा, त्यांचा नंबर १८००-२२२-३६५. लहान मुलाने खोकल्याचं औषध घेतल्यावर लघवी कमी झाली किंवा थांबली तर एक तासही वाट बघू नका.

पारिजात७२

माझ्या सासूबाईंचे घोटे सुजतात. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे. सुजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, तेव्हापासून अंगठा दुखतो म्हणून तिसऱ्यांनी युरिक ॲसिडची गोळी दिली. वरचं सगळं वाचून प्रथमच शंका आली की ही साखळी पहिल्या गोळीपासून सुरू झाली असेल का?

दवाखाना_आणि_मी

असू शकेल, ताई. अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, हे नेहमीचं आहे. लघवीच्या गोळ्यांनी युरिक ॲसिड वाढतं, हेही. पण सुजेला हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड अशी दुसरीही कारणं असतात, तेव्हा इथे वाचून काही बंद करू नका. रक्तदाबाची गोळी एकदम थांबवणं धोक्याचं आहे. एक कागद घ्या, प्रत्येक गोळीसमोर ती कुठल्या तारखेपासून सुरू झाली आणि प्रत्येक त्रासासमोर तो कधीपासून होतोय ते लिहा, आणि तो कागद तिघांपैकी ज्यांच्यावर तुमचा सर्वांत जास्त विश्वास आहे त्यांच्यासमोर ठेवा. तारखा एकाखाली एक आल्या की आम्हा डॉक्टरांनाही दिसायला लागतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण मध्ये बरंच घडलं.

पंधरा दिवसांपूर्वी शेजारणीला घेऊन बसले. गुडघ्यासाठी ती कुठली गोळी घेते ते तिलाही सांगता येईना, "निळ्या पाकिटातली" एवढंच. दोघी मेडिकलमध्ये गेलो. दुकानदारांनी जुनी बिलं काढून दिली, नावं आणि तारखा मिळाल्या. एका गोळीत दोन वेदनाशामकं एकत्र होती, कुठलं बाधतं ते माहीत नाही. औषधशाळा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही संशयित म्हणून लिहिली. १८००-१८०-३०२४ वर फोन केला, कामाच्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत लागतो. पलीकडच्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. शेजारीण फोनवर "नाव सांगू का नको" करत होती. आद्याक्षरं पुरतात म्हटल्यावर तिला धीर आला.

अण्णांची पाठ भरून आली. डाग आहेत, ते जायला बरेच महिने लागतील असं मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी एक कार्ड केलंय, पोस्टकार्डाच्या चतकोराएवढं. मोठ्या अक्षरात मराठीत दोन्ही औषधांची नावं, खाली "देऊ नये", आणि मागे माझा नंबर. आधारकार्डाबरोबर खिशात असतं.

परवा त्यांना ताप आला म्हणून ते एकटेच शेजारच्या गावातल्या त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे पुडी दिली. अण्णांनी आधी कार्ड पुढे केलं, मग पुडी उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टर, यावर नावं लिहून द्या. मला वाचता येतं." डॉक्टरांनी कार्ड दोनदा वाचलं, एक गोळी बदलली आणि तिन्ही गोळ्यांची नावं पुडीवर लिहून दिली.

आणि काल दुपारी कॉलेजच्या केंद्रातून फोन आला. अण्णांच्या फॉर्मवर बॅच नंबर राहिला होता. पाकीट बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. चष्मा लावून अण्णांनीच एकेक आकडा वाचून सांगितला.